बस थांबली नाही, एवढंच घडलं होतं

वाचकाचं पत्र

काका,

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात दहावीत शिकते, मराठी माध्यमात. आमच्या गावाहून शाळेला जायला सकाळची एकच बस सोयीची आहे आणि ती मागूनच भरून येते, म्हणून नेहमी थांबत नाही. गेल्या महिन्यात एक दिवस ती थांब्यावर न थांबता पुढे निघाली, तेव्हा आम्ही तीसेक मुलं-मुली रस्त्यावरच उभी राहिलो. बस थांबली. कंडक्टर खाली उतरले आणि ओरडाओरड झाली. ते कन्नडमधून बोलत होते, आमच्यातली मोठी मुलं मराठीतून. कुणीतरी मोबाईलवर शूटिंग केलं. दुसऱ्या दिवशी एका मराठी चॅनलवर ‘मराठी विद्यार्थ्यांवर कंडक्टरची दादागिरी’ असं आलं आणि एका कन्नड चॅनलवर ‘मराठी मुलांनी कंडक्टरला घेरलं’ असं. काका, मी तिथे होते. भाषेवरून कुणीही काही बोललं नव्हतं. बस थांबली नाही, एवढंच घडलं होतं.

मी हे सगळं लिहून शाळेच्या भित्तिपत्रकावर लावलं. दुपारच्या सुट्टीत हेडसरांनी ते काढलं. म्हणाले, “पेपरातल्या भानगडी शाळेत नकोत. दहावीचं वर्ष आहे, मतं नंतर मांड.” घरी बाबाही तेच म्हणाले. माझी ट्यूशनमधली मैत्रीण, जिचे वडील डेपोत ड्रायव्हर आहेत, ती माझ्याशी बोलेनाशी झाली, कारण मराठी चॅनलचा व्हिडिओ मी स्टेटसला ठेवला होता. सगळ्यांनीच ठेवला होता.

दहावीतल्या मुलीला मत असू नये का? बातम्या अशा खोट्या असतील तर वाचायच्या कशाला? आणि एक नोव्हेंबरला शाळेत कर्नाटकाच्या स्थापनेचा राज्योत्सव असतो, आमच्या गल्लीत त्याच दिवशी कर्नाटकात घातल्याच्या निषेधाचा काळा दिवस पाळतात, तेव्हा मी काय मत धरायचं? सोबत माझं लिखाण पाठवते.

खानापूर तालुक्यातली एक विद्यार्थिनी

उत्तर

बाळ,

तुझं पाकीट आलं तेव्हा आधी तुझं लिखाण वाचलं, मग पत्र. दोन्ही दोनदा वाचली. प्रश्नांकडे वळण्याआधी तुझ्या लिखाणातल्या एका ओळीबद्दल बोलू दे. तू लिहिलं आहेस, ‘कंडक्टर काकांनी तिकिटाचं मशीन छातीशी धरलं होतं, कारण गर्दीत ते पडेल अशी त्यांना भीती वाटत होती.’

मी तो व्हिडिओ मिळवून पाहिला. एकोणीस सेकंदांचा आहे. सुरुवातच ओरडण्यापासून होते. कंडक्टरांची पाठ दिसते आणि उजवं कोपर वर आलेलं दिसतं. ज्याला काही माहीत नाही त्याला वाटेल, माणूस हात उगारतोय. तू समोरून पाहिलंस. तो हात मशीन सांभाळत होता. ही गोष्ट त्या दोन्ही चॅनलांकडे नाही, तुझ्या वहीत आहे. म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथेच देतो. मत असू नये का, असं तू विचारतेस. तुला मत आहेच, आणि ते डोळ्यांनी पाहून झालेलं आहे. माझ्या ओळखीतल्या पुष्कळ जाणत्या माणसांना आपल्या मतांबद्दल हे म्हणता येणार नाही.

आता माझं सांगतो. मी बेळगावातल्या एका दैनिकात बरीच वर्षं उपसंपादक होतो. सीमाप्रश्नाच्या आंदोलनाचे दिवस होते. रात्री साडेदहाच्या सुमाराला, पान छपाईला सोडायची घाई चाललेली असताना, एका गावच्या वार्ताहराचा फोन आला. पोलिसांच्या लाठीमारात शाळकरी मुलगा जखमी, डोक्याला टाके. मी त्याला दोन प्रश्न विचारायला हवे होते. तू स्वतः पाहिलंस का? मुलाच्या घरच्यांशी बोललास का? मी विचारले नाहीत. पहिल्या पानावर तीन कॉलमी मथळा लावला आणि पान सोडलं.

सकाळी त्या मुलाचे वडील ऑफिसात आले. हातात चार घड्या घातलेला आमचाच पेपर. त्यांनी तो माझ्या टेबलावर पसरला, तळहाताने घड्या सपाट केल्या, बातमीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, “साहेब, पोरगं उतारावर सायकलवरनं पडलंय. आता पोलीस घरात येऊन विचारायलेत, तू आंदोलनात कशाला गेलतास म्हणून.” ते चिडले नव्हते. चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. दुसऱ्या दिवशी आम्ही खुलासा छापला. चौथं पान, एक कॉलम, जाहिरातीच्या वर सात ओळी. पहिल्या पानावरची बातमी त्या गावात घरोघर वाचली गेली होती. त्या सात ओळी किती जणांनी वाचल्या असतील, हा विचार आजही माझी पाठ सोडत नाही.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नासाठी हे सांगितलं. ती बातमी मी जाणूनबुजून खोटी छापली नव्हती. त्या दिवसांत लाठीमार होत होते, म्हणून आणखी एक झाला असेल असं मला फोन येण्याआधीपासूनच वाटत होतं. बातमी माझ्या डोक्यात आधीच तयार होती, फोन निमित्त झाला. तुमच्या बसचंही तसंच झालं असणार. मुंबईत किंवा बंगळुरात स्टुडिओत बसलेल्या माणसाला तुमच्याकडचा जांबोटीचा रस्ता ठाऊक नाही, सकाळची बस किती वाजता येते ते ठाऊक नाही. त्याला बेळगाव म्हटलं की मराठी-कन्नड वाद एवढंच ठाऊक. एक माणूस कन्नड बोलतोय, मुलं मराठी बोलतायत, आवाज चढलेले आहेत. त्याच्याकडे साचा तयार होता, त्याने तुमची सकाळ त्यात ओतली. खरं तर त्या सकाळी दोन्ही बाजूंना एकमेकांचं बोलणं नीट कळत होतं. कळत होतं म्हणून तर भांडण रंगलं.

म्हणून वाचायचं सोडू नकोस. कसं वाचायचं ते सांगतो, आणि त्यासाठी तुझ्याकडे एक अशी गोष्ट आहे जी पुण्या-मुंबईच्या मुलांकडे नसते. तुला कन्नड वाचता येतं.

६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ सुरू केलं, मराठीतलं पहिलं वृत्तपत्र. त्याच्या पानावर दोन उभे रकाने असत, एकात मराठी आणि शेजारी इंग्रजी. म्हणजे आपल्या वृत्तपत्रांची सुरुवातच दोन भाषा शेजारी शेजारी मांडून झाली आहे. अकरा वर्षांनी, १ जुलै १८४३ ला, मंगळुरात ‘मंगळूरु समाचार’ निघालं, कन्नडमधलं पहिलं. ते हर्मन मोग्लिंग या जर्मन मिशनऱ्याने काढलं. महाराष्ट्रात ६ जानेवारीला पत्रकार दिन असतो, कर्नाटकात १ जुलैला पत्रिका दिन. सीमाभागातल्या मुलीचा दोन्हींवर हक्क आहे असं मी मानतो.

एक जुनी वही घे. पानाला मधोमध उभी घडी घाल. आपल्या भागातली कुठलीही एक बातमी निवड, अगदी रस्त्याची किंवा पावसाची चालेल. डाव्या बाजूला मराठी पेपरमधले कृती सांगणारे शब्द आणि विशेषणं लिही, उजव्या बाजूला कन्नड पेपरमधले. फक्त तेवढीच. सगळी बातमी उतरवत बसू नकोस, दहावीचं वर्ष आहे हे मीही विसरलेलो नाही. कन्नड पेपर आणायला बाबांना सांगायची गरज नाही. तुझ्या शाळेच्या ऑफिसात किंवा पंचायतीच्या वाचनालयात मिळेल.

कृती सांगणारे शब्दच का, ते सांगतो. आमच्या टेबलावर भांडणासाठी पाच शब्द होते आणि त्यांना पायऱ्या होत्या. हुज्जत, बाचाबाची, धक्काबुक्की, मारहाण, हल्ला. हुज्जत म्हणजे नुसतं तोंड चालतं. बाचाबाचीत आवाज चढतो, माणसं जवळ येतात. धक्काबुक्कीत अंगाला अंग लागतं. मारहाणीत कुणीतरी मार खातो. हल्ल्यात कुणीतरी ठरवून येतो. चांगला उपसंपादक वार्ताहराला फोन करून विचारायचा, ‘नक्की कुठली पायरी?’ घाईतला उपसंपादक एक पायरी वर चढवायचा, कारण वरच्या पायरीचा मथळा मोठा दिसतो. कन्नडमध्येही पायऱ्या आहेत. वाग्वाद, मग तळ्ळाट-नूकाट, मग हल्ले. तुझ्या लिखाणावरून पाहिलं तर त्या सकाळी हुज्जत झाली आणि शेवटी थोडी बाचाबाची. मराठी चॅनलने दादागिरी म्हटलं, कन्नड चॅनलने घेराव. म्हणजे दोघांनीही तुमची बस दोन पायऱ्या वर चढवली, आपापल्या जिन्यावर. एका रकान्यात बाचाबाची आणि दुसऱ्यात हल्ले असं दिसलं, तर समज की मधे काहीतरी सांगायचं राहिलं आहे आणि ते शोधायला हवं.

आणखी एक खूण. ‘दगडफेक झाली’, ‘तणाव निर्माण झाला’, ‘नाराजी व्यक्त होत आहे’. यात माणूस कुठे आहे? दगड कुणी फेकला, नाराज कोण आहे? जिथे करणारा गायब असेल तिथे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढ. महिन्याभरात तुझी नजर तयार होईल.

आता थोडं कठोर बोलतो, कारण तुला ते झेपेल असं तुझ्या पत्रावरून वाटतं. तो व्हिडिओ चुकीचा आहे हे तुला ठाऊक होतं. तू तिथे होतीस. तरी तू तो स्टेटसला ठेवलास, सगळ्यांनी ठेवला म्हणून. मी रात्री साडेदहाला जे केलं त्यापेक्षा हे वेगळं नाही. उलट मला खरं काय ते ठाऊक नव्हतं, तुला होतं. त्या व्हिडिओत गणवेशातल्या मुलींचे चेहरे दिसतात, एकीच्या खिशावरचा शाळेचा बिल्ला वाचता येतो. त्यांना कुणी विचारलं होतं का? शाळकरी मुलांचा चेहरा ओळखू येईल असा व्हिडिओ वादाच्या बातमीसोबत पुढे पाठवायचा नाही, एवढा नियम तू आजपासून स्वतःला घालून घे.

आणि मैत्रिणीकडे जा. मेसेज पाठवू नकोस, घरी जा. तिच्या बाजूने विचार कर. चॅनलवर ‘दादागिरी’ ऐकताना तिला तिचे वडील दिसले असतील. ते त्या दिवशी त्या बसवर नसतील, पण खाकी तीच, डेपो तोच, आणि उद्या त्या फेरीवर ड्यूटी त्यांची लागू शकते. तुम्ही रोज ज्या मिसळलेल्या भाषेत बोलता त्याच भाषेत तिला सांग की मी स्टेटस ठेवायला नको होतं, मला खरं काय ते ठाऊक होतं. कारणं देऊ नकोस. ती लगेच बोलेल असं नाही. पुन्हा जा.

ती बोलू लागली की तिच्या वडिलांना भेटायची परवानगी माग. तुझ्या लेखात कंडक्टर दिसतात, पण बोलत नाहीत. तीस मुलांची बाजू आहे, बसच्या आतली नाही. त्यांना विचार, ही बस सुटते कुठून, तुमच्या गावापर्यंत येईस्तोवर आत किती माणसं असतात, दारातल्या पायरीवर लोंबकळणारं मूल पडलं तर जबाबदारी कुणावर येते, आणि थांबा चुकवला म्हणून तक्रार आली तर काय होतं. मला वाटतं तुला अशी माणसं भेटतील जी थांबली तरी अडचणीत आणि न थांबली तरी अडचणीत. ते ऐकल्यावर तुझं मत बदलेल असं मी म्हणत नाही. बस थांबलीच पाहिजे, या तुझ्या मताशी मी पूर्ण सहमत आहे. फक्त मग तुझा राग कंडक्टरकडून सरकून योग्य जागी जाईल.

ती जागा कुठली, त्याचा धागा तुझ्याच लेखाच्या शेवटी आहे. तू लिहिलं आहेस की थांब्यावरची माणसं म्हणतात, ‘बायकांना फुकट केल्यापासून बस भरायला लागली,’ आणि हे ऐकून तुला वाईट वाटतं, कारण तूही शून्य रुपयाच्या तिकिटावरच शाळेत जातेस. बायकांना सरकारी बसमध्ये मोफत प्रवास देणारी शक्ती योजना कर्नाटकात ११ जून २०२३ ला सुरू झाली. त्यानंतर बायका मोठ्या संख्येने बाहेर पडल्या, बाजारला, दवाखान्याला, कामाला, माहेरला. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काय आहे? तुझ्या आजीला कुणाकडे पैसे न मागता खानापूरला जाता येतं, ही माझ्या मते फार मोठी गोष्ट आहे. प्रश्न असा विचारायला हवा की माणसं वाढली तशा तुमच्या रस्त्यावरच्या फेऱ्या वाढल्या का? योजनेआधी सकाळी सात ते दहा किती बस यायच्या आणि आज किती येतात? हे मोजता येतं. गावातल्या दुकानदाराला, दूध घालणाऱ्याला, थांब्यासमोर राहणाऱ्या आजींना विचारून तुला आठवड्याभरात कळेल. हे खरं बातमीदाराचं काम आहे आणि त्या दोन्ही चॅनलांपैकी कुणी ते केलेलं नाही.

आता हेडसर. त्यांनी तुझा कागद तुला न विचारता काढला हे मला पटलेलं नाही, तेव्हा ते स्पष्ट सांगतो. घटनेच्या कलम १९ मध्ये मत मांडायचं स्वातंत्र्य आहे, आणि ते दहावीनंतर सुरू होतं असं त्यात कुठे लिहिलेलं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारावर भारताने १९९२ साली संमती दिली. त्याचं बारावं कलम म्हणतं की मुलाला स्वतःशी संबंधित गोष्टींत मत मांडता आलं पाहिजे आणि त्याच्या वयाप्रमाणे त्याला महत्त्व दिलं गेलं पाहिजे. शाळेला जायची बस यापेक्षा मुलांशी संबंधित दुसरं काय असेल?

पण सरांची भीतीही समजून घे. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगावजवळ एका बसमधल्या वादानंतर दोन्ही राज्यांच्या बस सीमेवर अडकल्या आणि मार्चमध्ये कर्नाटक बंदही झाला. त्याची सुरुवातही एका बसमधल्या बोलाचालीपासूनच होती. आपल्याकडे मराठी शाळेचा हेडमास्तर म्हणजे रोज पटसंख्या मोजणारा माणूस. एक शिक्षक बदलून गेला की दुसरा कधी येईल याचा भरवसा नाही. अशात भित्तिपत्रकाचा फोटो कुणी काढून फिरवला तर बीईओ म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या ऑफिसातून फोन येणार, तो त्यांनाच घ्यावा लागणार. ते तुझ्या मताला घाबरले नसतील, त्याच्या फोटोला घाबरले असतील.

तेव्हा त्यांच्याकडे कागद घेऊन जा. तक्रार म्हणून जाऊ नकोस. विचार, “सर, यातलं कुठलं वाक्य नको?” शिक्षकाला असं विचारलं की त्याला वाचावंच लागतं. बहुधा चॅनलांची नावं काढ म्हणतील, मुलांची नावं काढ म्हणतील. दोन्ही काढ. त्याने काही बिघडत नाही. बसची वेळ, फेऱ्यांची संख्या, शाळेत उशिरा पोचल्याने बुडालेले पहिले तास, हे राहू दे म्हणून हट्ट धर. पहिल्या तासाला काय असतं तुमच्या? गणित असेल तर सर तुझ्या बाजूने येतील.

आणि भित्तिपत्रकावर सगळी भिस्त ठेवू नकोस. कर्नाटकात ग्रामपंचायतींनी वर्षातून एकदा मुलांची ग्रामसभा घ्यायची असते, मक्कळ ग्रामसभा. बऱ्याच ठिकाणी ती बालदिनाच्या आसपास होते. तिथे मुलांनीच उठून बोलायचं आणि पंचायतीने ते लिहून घ्यायचं. आपल्याकडच्या मराठी पालकांना याची फारशी कल्पना नसते, कारण सूचना कन्नडमध्ये लागते आणि फलकावरच राहते. तुला ती वाचता येईल. पीडीओंना, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांना, जाऊन विचार, यंदाची सभा कधी आहे. तिथे तू आणि तुझी ड्रायव्हरकाकांची लेक दोघींनी मिळून बसचा प्रश्न मांडला, तर कुठल्याही चॅनलला त्याचा साचा सापडणार नाही.

सोबत डेपो मॅनेजरच्या नावाने अर्ज द्या, तीसही मुलांच्या सह्या घेऊन. घटनेचं ३५० वं कलम सांगतं की गाऱ्हाण्याचा अर्ज राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतो. म्हणून मराठीत लिहा, तो आपला हक्क आहे आणि वापरला नाही तर विसरला जातो. त्याला कन्नड प्रत जोडा, म्हणजे टेबलावरच्या माणसाला तो त्याच दिवशी वाचता येईल. कन्नडच्या टीचरना दाखवून मगच द्या. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि एकीवर पोच घ्या, शिक्का आणि तारखेसह. पोच घेतल्याशिवाय परत फिरायचं नाही.

एक नोव्हेंबरबद्दल मला जास्त वेळ लागला. हा भाग मी तीनदा खोडून लिहिला.

मी मराठी घरात वाढलो. १७ जानेवारी १९५६ ला सीमाप्रश्नाच्या आंदोलनात बेळगावात गोळीबार झाला, माणसं गेली. दर वर्षी हुतात्म्यांना वंदन करायला मी जात आलो आहे आणि जाईन. १ नोव्हेंबर १९५६ ला आपला भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला. त्या दिवसाचं दुःख आमच्या घरात होतं, माझ्यातही आहे. आणि आमच्या शेजारच्या घरावर त्याच दिवशी लाल-पिवळा झेंडा लागतो. त्यांच्यासाठी विखुरलेले कन्नड मुलूख एकत्र आले, तो हा दिवस आहे, आणि त्यांचा आनंदही खोटा नाही. एकाच तारखेला एका भिंतीच्या दोन बाजूंना असं असतं. तुझ्या वयाच्या मुलीने यातली एकच बाजू निवडून दाखवावी, असं तुला कुणी सांगत असेल तर तू घाई करू नकोस.

त्याऐवजी आधी काय घडलं ते नीट समजून घे. सीमाप्रश्नासाठी नेमलेल्या महाजन आयोगाचंच बघ. १९६६ साली तो नेमला, पुढच्या वर्षी त्याचा अहवाल आला. रीलमध्ये तुला दोनच वाक्यं ऐकू येतील. महाजनांनी सगळं कर्नाटकाला दिलं, किंवा महाजन अहवाल म्हणजे शेवटचा शब्द. अहवालात बेळगाव शहर म्हैसूर राज्यातच ठेवावं असं होतं, हे खरं. पण निपाणी, नंदगड आणि तुझं खानापूर धरून २६४ गावं महाराष्ट्राला द्यावीत असंही होतं, आणि दक्षिण सोलापूर, अक्कलकोटसह २४७ गावं म्हैसूरला. महाराष्ट्राने अहवाल नाकारला आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. त्याचा निकाल अजून लागलेला नाही. तू ज्या तालुक्यात राहतेस त्याचं नाव त्या शिफारशीत होतं, हे तुमच्या वर्गात किती जणांना ठाऊक आहे? मला खात्री आहे, घोषणा सगळ्यांना पाठ असतील.

मग आजीला विचार, किंवा गल्लीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला, त्या वेळी घरात काय बोलणं चालायचं. मैत्रिणीच्या आजोबांनाही तेच विचार. दोन्ही उत्तरं त्या घडी घातलेल्या वहीत समोरासमोर लिही. एवढं झाल्यावर तुझं जे मत होईल ते तुझं असेल. ते माझ्या मताशी जुळलं नाही तरी मला लिहून कळव. राज्योत्सवाला शाळेत गाणं म्हटलंस म्हणून तू मराठी कमी होत नाहीस, आणि गल्लीत काळी फीत लावलीस म्हणून कुणाची वैरीण होत नाहीस.

बाबांना सांग की रोज अर्धा तास, तोही रात्री जेवणानंतर, बाकी वेळ अभ्यासाचा. आणि तो अर्धा तास पाळ. त्यांनी तुला वाचू नको म्हटलेलं नाही, काळजी बोलून दाखवली आहे. परीक्षा संपली की मात्र लेख घेऊन कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा इथल्या साहित्य संमेलनांच्या मंडळींना भेट. खेड्यात, वर्गणी काढून, वर्षानुवर्षं मराठी संमेलनं भरवणारी ही माणसं आहेत. नव्या मुलांचं लिखाण ती मनापासून ऐकतात.

तुझं लिखाण परत पाठवतो आहे. पेन्सिलीने तीन ठिकाणी गोल केला आहे. ‘बस नेहमी थांबत नाही’ यातल्या ‘नेहमी’ला. आठवड्यात किती दिवस, ते सोमवार ते शनिवार मोजून लिही. ‘सगळे प्रवासी आमच्या बाजूने होते’ यातल्या ‘सगळे’ला. खिडकीतून कोण काय बोललं तेवढंच लिही. आणि तिसरा गोल त्या मशीनच्या ओळीला, जी मला सगळ्यात आवडली. मशीन छातीशी धरलेलं तू पाहिलंस. भीती वाटत होती, हे तुला कुणी सांगितलं? ते कंडक्टर अजून त्याच फेरीवर असतील, तर बसमध्ये चढल्यावर त्यांनाच विचार. काय म्हणाले ते त्यांच्याच शब्दांत लिही, कन्नडमध्ये बोलले तर कन्नडमध्येच, आणि पुढच्या पत्रात पाठव.

तुझा,
काका